फोटोतला हात

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. माझे झाकण उघडताना कुरकुरते, आवाजाचे बटण एका कडेने झिजले आहे आणि माझ्या जाळीत अजूनही कुणाकुणाचे बारीक केस अडकलेले आहेत. स्वभावाने मी जळका आहे. त्याला मी तरी काय करू? ज्या घरात वाढलो, तिथली हवाच तशी होती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या, चाके बसवली. एकीने बासरीची कॅसेट लावून पाहिली, मान डोलावली आणि मी पास झालो. तिथून खोक्यात, खोक्यातून दुकानात आणि दुकानातून दोन बहिणींच्या घरी.

या बहिणी घरातच बायकांचे केस कापण्याचे दुकान चालवत. दोन आरसे, दोन खुर्च्या. खिडकीजवळची खुर्ची थोरलीची, दाराजवळची धाकटीची. माझी जागा मधल्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी. माझ्या बटणांत अडकलेले केस धाकटी मऊ ब्रशने झाडायची. थोरलीने ते कधी केले नाही, पण गाणे लावायला मात्र तिचेच बोट पुढे.

भिंगरीला या घरात आणले धाकटीने. भिंगरी म्हणजे एक रॉक गायक. गाताना तो एका जागी ठरत नसे, म्हणून चाहत्यांनी त्याला हे नाव दिले होते. धाकटीने त्याची कॅसेट माझ्यात घातली, तेव्हा थोरलीने कानावर हात ठेवले.

"अगं, हा गातोय की कुणी ह्याच्या पायावर पाय दिलाय?"

आठवडा झाला नसेल, तीच गिऱ्हाइकांचे केस धुताना त्याचे गाणे गुणगुणू लागली. धाकटीच्या कपाळाला आठी पडली.

"आधी मला सापडलाय तो," ती म्हणाली.

"सापडायला तो काय पडलेला रुमाल आहे?" थोरली म्हणाली.

मग भिंगरी आमच्या शहरात गायला आला. दोघींनी तिकिटे काढली आणि ऐन वेळी धाकटीला गालगुंड झाले. थोरली एकटी गेली आणि परतली ती तरंगतच. ती सगळ्यांत पुढे उभी होती. भिंगरी तिच्यासमोर वाकला, त्याने तिचा हात धरला आणि त्यावर ओठ टेकले! वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला. फोटोत भिंगरीचा वाकलेला माथा दिसत होता, एक हात दिसत होता आणि पाठमोरी एक वेणी. चेहरा नव्हताच. दोघी बहिणी एकमेकींची वेणी घालत, त्यामुळे ती वेणी दोघींपैकी कुणाचीही असू शकली असती. पण थोरलीने फोटो चौकटीत घालून आपल्या आरशावर लावला.

पुढे तीच गोष्ट मी किती वेळा ऐकली, विचारू नका. प्रत्येक वेळी ती थोडी वाढायची. आधी त्याने हातावर नुसते ओठ टेकले होते, मग हात दाबलाही, मग डोळ्यांत पाहिले. धाकटी कात्री चालवत म्हणायची, "पुढच्या वर्षीपर्यंत तो तुला घरी सोडायलाही आलेला असेल."

मला तिचे दुःख समजत असे. कारण त्याच सुमारास दुकानात टीव्ही आला. वर्षानुवर्षे मी भिंगरीचा आवाज दिला, दोन ओळींच्या मध्ये तो घेई तो श्वासही दिला. पण त्या काचेच्या ठोकळ्याने त्याचे चंदेरी बूट दाखवले आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. माझ्यावर पावडरच्या डब्याचे झाकण ठेवू लागले. मी जळून खाक झालो.

त्या टीव्हीचा हेवा मला फक्त एका दिवशी वाटला नाही. भिंगरी गेला, ही बातमी त्यानेच दिली. भिंगरीला एड्स झाला होता. लोकांपासून काही लपवू नका, असे तो सांगून गेला होता, म्हणून त्याच्या भावाने आजाराचे नाव सरळ घेतले. दोघी बहिणी कात्र्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आणि दोघींपैकी आधी कोण रडते, यावरही त्या एकमेकींकडे पाहत होत्या.

त्या काळी या आजाराच्या नुसत्या नावाने लोकांची गाळण उडायची. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका थोरलीच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांची नजर आरशावरच्या फोटोवर गेली आणि त्या गळ्याभोवतीचे कापड सोडून ताडकन उठल्या.

"त्याचं तोंड तुमच्या ह्याच हाताला लागलं ना? ह्या हातानं माझे केस कापणार तुम्ही?"

वाट पाहत बसलेल्या बायकाही पर्स उचलू लागल्या. तेवढ्यात दाराजवळून धाकटीचा आवाज आला.

"तो हात तिचा नाहीये. माझा आहे."

सगळ्या वळल्या.

"मी गेले होते गाण्याला. ही घरी होती, गालगुंड होऊन. माझी गोष्ट चोरून इतकी वर्षं मिरवतेय ती. मीच काही बोलले नाही."

आणि गंमत पाहा, सर्वांना ते पटले! ती गोष्ट निघाली की धाकटीचा चेहरा कसा आंबट व्हायचा, हे सर्वांनी पाहिले होते. मुख्याध्यापिका पुन्हा खुर्चीत टेकल्या. थोरलीने त्यांच्या गळ्याभोवती पुन्हा कापड बांधले.

धाकटीने हे मायेपोटी केले की मत्सरापोटी, मला आजही सांगता येत नाही. मला वाटते, दोन्ही. मत्सराचा आवाज मी तरी चांगला ओळखतो.

त्यानंतर धाकटीची खुर्ची ओस पडली. ती दिवसभर जमिनीवरचे केस झाडायची आणि टॉवेलांच्या घड्या घालायची. दवाखान्यातली एक नर्स तेवढी हटकून तिच्याकडे यायची आणि मोठ्याने सांगायची, "हात धरल्यानं, शेजारी बसल्यानं नाही लागत हा आजार. घाबरू नका." ऐकणाऱ्या बायका मासिकात डोके घालायच्या. आणि थोरली? तिच्याकडे रांग लागली होती, पण मोकळा वेळ मिळाला की ती पुटपुटायची, "चोरटी कुठली."

हळूहळू लोकांची भीती ओसरली. भिंगरीच्या स्मृतिदिनी त्याचे चाहते दुपारी आमच्या दुकानात जमू लागले. ती नर्स, एक बेकरीवाला, एक बसचालक, कॉलेजातल्या मुली. टीव्ही बंद ठेवत आणि मला लावत. अहाहा! कुणी आपापली आठवण सांगे, कुणी सांगता सांगता थांबे. शेवटी सगळे धाकटीभोवती गोळा होत. "मावशी, तो हात दाखवा ना." धाकटी राणीसारखा हात पुढे करी. थोरली मागे चहा गाळत असे आणि गाळणे जरा जास्तच आपटत असे.

एका वर्षी सगळे गेल्यावर तिने कप खाली ठेवला.

"पुरे झालं. दे माझा हात परत."

"नाही देणार," धाकटी म्हणाली. "तुझा होता तेव्हा बायका कौतुकानं बघायच्या. माझा झाला तेव्हा माझ्या खुर्चीला कुणी शिवेना. फुकट नाही मिळालेला तो मला."

थोरली कंगव्यातले केस काढू लागली. मग म्हणाली, "त्यानं मुका घेतलाच नव्हता."

"म्हणजे?"

"गाणं संपवून वाकला आणि त्याचे गुडघेच गेले. समोर माझा हात होता, तो धरला. तोंड आपटलं गं त्यावर. त्याचा हात नुसता बर्फ! मला म्हणाला, 'सोडू नका.' नाही सोडला. मग उठला, हसला, पुन्हा गरगर फिरायला लागला. लोकांना वाटलं, मुका घेतला. मीही तसंच म्हणत राहिले. तेव्हापासूनच आजारी असणार तो. मला कसं कळावं?"

धाकटीच्या कपाळाला ती जुनी आठी पडली.

"'सोडू नका' म्हणाला? तुला?"

"मला."

"मग मुक्यापेक्षा जास्तच झालं की ते!" धाकटी उसळून म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "घे तुझा हात. मला नाही झेपायचा."

पुढच्या स्मृतिदिनी थोरलीने सगळे खरे खरे सांगितले. बसचालकाने चष्मा काढून पुसला. शेवटी एका मुलीने धाकटीला विचारले, "मग मावशी, तुम्ही का म्हणालात, तो हात माझा म्हणून?"

"माझी बहीण आहे ती," धाकटी म्हणाली. "तिच्या हाताला दुसऱ्या कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. ठेवायची तर मी ठेवीन."

मित्रांनो, आता माझी चाके फिरवणारा पट्टा सैल झाला आहे आणि भिंगरी माझ्या तोंडून जरा दमल्यासारखा गातो. चाहते मोबाइल घेऊन येतात. त्यात तो जास्त स्वच्छ ऐकू येतो म्हणे. असेल. जमले तर मला अधूनमधून पुसत जा आणि बटणे हळू दाबत जा. पण त्याहून मोठे मागणे दुसरेच आहे. कुणी आजारी पडला, तर त्याच्या आजाराचे नाव ऐकून मागे सरू नका. त्याने हात पुढे केला तर तो धरा आणि तो उभा राहीपर्यंत सोडू नका. मी भिंगरीचा श्वास न् श्वास सांभाळला, पण तो कोसळला तेव्हा माझ्याच्याने काही झाले नसते. तुम्हाला हात आहेत. खरे सांगू? मला तुमचाही हेवा वाटतो.