वेंझेलच्या टोपीवरची फीत

फिती उसवायला मला माझीच कात्री वापरावी लागली. अख्ख्या पलटणीच्या टोप्या आम्हा बायकांच्या पुढ्यात आणून ओतल्या होत्या, कोबीचे गड्डे ओतावेत तशा. सार्जंट ग्रोटे आमच्याकडे न बघता म्हणाला, "सेनापतींचा हुकूम आहे. सगळ्या फिती काढा. तलवारी आम्ही गोळा करतोय."

टोपीच्या काठावरची ती रुपेरी फीत म्हणजे काय, ते पलटणीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमचा शिपाई उपाशी झोपेल, बुटातून अंगठा बाहेर आला तरी चालेल, पण फीत खडूने घासून लखलखीत ठेवील. रणातून पळालेल्या पलटणीची ही फीत काढतात, कमरेची आखूड तलवार काढतात आणि ढोल वाजवायला बंदी करतात. फटके रोजचेच, त्यांचं कुणाला काही वाटत नाही. पण बोडक्या टोपीने दुसऱ्या पलटणीसमोरून जायचं म्हणजे जिवंतपणी मेल्यात जमा. त्या टोप्यांवरचे अर्धे टाके मीच घातलेले होते. ते उसवताना बायकांपैकी कुणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही, कारण ही शिक्षा माझ्या नवऱ्यामुळे झाली असं सगळे धरून चालले होते.

माझा नवरा वेंझेल पलटणीचा पहिला ढोलवाला. मी त्याच पलटणीमागे गाडी हाकायची, ब्रँडी आणि पाव विकायची, टोप्या-कोट शिवायची. लढाईच्या धुरात कर्नलचा आवाज शेजारच्या माणसालाही धड ऐकू येत नाही. म्हणून कर्नल ढोलवाल्याच्या कानात सांगतात, ढोलवाला तो ठेका वाजवतो आणि माणसं चालायला लागतात. ढोल म्हणजेच कर्नलचं तोंड.

आम्ही वेढा घातलेल्या शहराच्या दरवाज्यातून ऑस्ट्रियाचे लोक एकाएकी बाहेर पडले आणि आमच्या खंदकांवर आले. त्याच वेळी कर्नल फॉन हाल्टेनबर्ग यांना मागच्या धुरात घोडेस्वार दिसले. आपण घेरले गेलो असं त्यांना वाटलं. ते वेंझेलच्या कानाशी वाकले आणि ओरडले, "माघार! वाजव!" वेंझेलने वाजवली. पलटण मागे फिरली, तोफा शत्रूला मिळाल्या. मागचे घोडेस्वार मात्र आमचेच होते, मदतीला येत होते.

संध्याकाळी सेनापतींनी सगळ्यांसमोर विचारलं, "माघार कुणी सांगितली?" कर्नल म्हणाले, "मी नाही." एवढंच. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. कर्नलने सांगितलं नाही आणि तरी ढोल वाजला, म्हणजे ढोलवाल्याची पाचावर धारण बसली होती, हे शेंबडं पोरही सांगेल.

"सगळ्यांना खरं सांग की," मी वेंझेलला म्हटलं.

"कर्नल नाही म्हणालेत, उर्सुल."

"मग? ते म्हणाले म्हणून सूर्य पश्चिमेला उगवेल?"

"ढोलवाल्याने कर्नलला खोटं पाडलं तर काय होतं, माहितीये? दोर होतो. गळ्यात बसतो." तो हसायचा प्रयत्न करत होता. "आणि मला साक्षीदार कोण? तो ढोल? तोही काढून घेतलाय."

त्याने आपल्या दोन काठ्या तेवढ्या बुटात खुपसून ठेवल्या होत्या. त्याला पाणी भरायच्या कामावर लावलं. पलटणीतले लोक त्याला ढोलोबा म्हणायला लागले. "काय ढोलोबा, आज कुठल्या दिशेला पळायचं?" कुणीतरी माझ्या गाडीच्या दांडीला सशाचं कातडं टांगलं. माझ्याकडची ब्रँडी घ्यायचे, पण पाठ फिरवून प्यायचे. मला मावशी मावशी म्हणणारा मॅथेस, ज्याच्या जखमेला मी टाके घातले होते, तोही पाठ फिरवून प्यायचा.

खरं काय ते मला माहीत होतं. तरीही विहिरीवर दुसऱ्या पलटणीच्या बायका कुजबुजायच्या तेव्हा माझी मान खाली जायची. आपल्या माणसाने काही केलेलं नाही हे पक्कं ठाऊक असताना लाज का वाटावी? पण वाटायची. आणि वाटते म्हणून स्वतःचाच संताप यायचा, तो मी पाव तोलताना काढायची.

मग ती डोंगराखालची लढाई झाली. आमच्या बोडक्या पलटणीला अगदी मागे उभं केलं होतं, ओढ्याकाठच्या कुंपणाशी. यांच्या भरवशावर कोण राहणार! पण डावी बाजू फुटली आणि ऑस्ट्रियाचे घोडेस्वार थेट आमच्याच अंगावर आले. माझी गाडी कुंपणामागेच होती, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. कर्नल घोड्यावरून हात करून ओरडत होते. तोंड हलताना दिसायचं, शब्द कुणाला कळत नव्हता. ढोल नाही. रांग डुचमळायला लागली. मागची माणसं मागे बघायला लागली.

वेंझेलने बादल्या टाकल्या. चुलीवर माझं तांब्याचं पातेलं होतं, मसुराच्या कढणाने भरलेलं. ते त्याने फडक्याने धरून सरळ उपडं केलं.

"अरे मेल्या, माझं कढण!" मी ओरडले.

त्याला ऐकूच गेलं नाही. पातेलं त्याने पट्ट्याने गळ्यात अडकवलं, बुटातून काठ्या काढल्या आणि चढाईचा ठेका धरला. तापलेलं तांबं पोटाला लागत होतं, तरी ठेका चुकला नाही. त्या आवाजाला ढोलाची भारदस्ती कुठून येणार, नुसता खणखणाट. पण हात तोच होता, आणि पलटणीतला प्रत्येक जण तो हात ओळखत होता. रांग एकदम ताठ झाली. संगिनी पुढे आल्या. पायदळ घोडेस्वारांवर चालून गेलं! असं कुणी बघितलेलं नव्हतं, घोड्यांनीही नसावं, कारण ते वळले. वेंझेल मागून बडवत चालत राहिला. शेवटी एका गोळीने त्याच्या उजव्या मनगटाचा चुरा केला तेव्हा खणखणाट थांबला.

दुसऱ्या दिवशी सेनापती स्वतः आले, पलटणीपुढे टोपी काढली आणि फिती परत दिल्या. फीत द्यायची ती कर्नलने, एकेकाचं नाव घेऊन, स्वतःच्या हाताने, अशी रीत आहे. मोठाली माणसं रडत होती. आम्ही बायका सुया घेऊन बसलो होतो. कालपर्यंत माझ्याशी न बोलणाऱ्या आता "उर्सुल, दोरा आहे का गं?" म्हणून विचारत होत्या.

वेंझेल माझ्या गाडीत पेंढ्यावर पडला होता. सर्जनने हात मनगटाच्या वर कापला होता. त्याचं नाव कर्नलने घेतलं नव्हतं. सगळं उरकल्यावर सार्जंट ग्रोटे एक फीत मुठीत धरून आला. त्याच्यामागे पलटणीतले बरेच लोक आले होते, मॅथेसही होता.

"घे, वेंझेल," ग्रोटे म्हणाला. "पोरं म्हणताहेत, एकदा मागे नेलंस, एकदा पुढे नेलंस. फिट्टंफाट. कुणाच्या मनात काही नाही आता."

वेंझेलने फितीकडे बघितलं. "फिटायला मी काय केलं होतं?"

"अरे, आता ते उगाळायचं कशाला?"

"माफीची असेल तर नको मला. घेऊन जा."

"माज बघा ढोलोबाचा!" मागून कुणीतरी म्हणालं. "आपण सोडून दिलं तर हा वर आपल्यालाच ऐकवतोय."

माझं डोकं फिरलं. मी ग्रोटेच्या मुठीतली फीत ओढली आणि वेंझेलची बोडकी टोपी उचलली. "मी शिवणार नाही," मी म्हटलं, "आणि दुसऱ्या कुणाला शिवू देणार नाही. ज्यांनी याच्या कानात 'वाजव' म्हटलं होतं ना, त्यांनीच यावं आणि शिवावी."

"उर्सुल, तोंड आवर," ग्रोटे हळूच म्हणाला. "चाबूक खाशील."

"खाईन."

कर्नल तिथेच होते. पलीकडच्या गाडीशी घोडा बांधत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चालत आले. मला वाटलं, आता खरंच चाबूक. त्यांच्या टोपीवरची नवी फीत उन्हात चमकत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, वेंझेलकडेही नाही. गाडीच्या कडेला लटकलेल्या त्या पातेल्याकडे बघितलं. ते पोचे पडून इतकं वेडंवाकडं झालं होतं की पुन्हा चुलीवर बसलं नसतं. मग ते माझ्या ब्रँडीच्या उपड्या पिंपावर बसले आणि म्हणाले, "सुई द्या."

मी सुई दिली, दोरा दिला. ओवून मात्र दिला नाही. कर्नल दोरा तोंडात ओला करत होते, सुईच्या नाकाशी नेत होते, तो बाजूने निसटत होता. त्यांचे कान लाल झाले होते.

मॅथेस पुढे झाला. "साहेब, मी ओवून देतो."

"मागे हो."

शेवटी दोरा गेला. त्यांनी पहिला टाका घातला, दुसरा घातला, बोटाला सुई टोचून घेतली. मग मान वर न करता, टोपीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माघार मी सांगितली होती."

माझ्यापर्यंत पोचलं. ग्रोटेपर्यंत पोचलं, त्याचा चेहरा पडला. पण मागे गर्दी होती. तिथून विचारणं सुरू झालं, "काय म्हणाले? काय म्हणाले साहेब?"

वेंझेल कोपरावर जोर देऊन उठून बसला. त्याच्या हाताची पट्टी लाल झाली होती.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही, साहेब," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. इतकी वर्षं तो कर्नलशी ज्या आवाजात बोलायचा, तोच आवाज. "मी पोचवलं असतं. पण आता हात नाही. तुम्हालाच ओरडावं लागेल."

कर्नल पिंपावरून उठले. टोपी त्यांच्या हातात होती, सुई तिला लटकत होती. ते ओरडले, रणात ओरडतात तसे. "माघार मी सांगितली! ढोलवाल्याने हुकूम पाळला! सेनापतींशी मी खोटं बोललो!"

ते मागच्या माणसापर्यंत गेलं, त्याच्याही पलीकडे, दुसऱ्या पलटणीच्या तंबूंपर्यंत गेलं. मग कुणी वेंझेलकडे बघेना. मॅथेसने टोपी काढली होती आणि तिच्यावरची नवी फीत तो नखाने खरवडत होता. ते सशाचं कातडं कुणी टांगलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

कर्नल पुन्हा पिंपावर बसले. फीत अजून अर्धीही शिवून झाली नव्हती.