कोऱ्या राहिलेल्या अकरा ओळी

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. पण मला ना कागद, ना पुठ्ठा. एका रुग्णालयाच्या सर्व्हरमध्ये माझा जन्म झाला. थंड खोली, घोंघावणारे पंखे, खिडकी एकही नाही. लोक मला 'लॉग' म्हणतात.

आमचा सर्व्हर प्रयोगशाळेच्या सर्व्हरला हाक मारी, "या रुग्णाच्या रक्ताचा अहवाल द्या." हाक कधी गेली, उत्तर कधी आले, हे मी ओळीने लिहून ठेवी. कुठे काही बिघडले की आधी मलाच उघडत. तेव्हा माझे फार कौतुक होते.

पण मला मर्यादा घालून द्यायला सगळे विसरले. मी लिहीतच गेले आणि एके दिवशी डिस्क काठोकाठ भरून सर्व्हर बंद पडला. "ही तर घरच खाऊन बसली!" इंजिनिअरदादा वैतागले. त्यांनी माझ्या नावापुढचा एकच शब्द बदलला. 'चालू'चे 'बंद' झाले.

त्यानंतर हाका माझ्यासमोरून जात, उत्तरे येत. मला सारे दिसे. लिहिता मात्र एक अक्षर येत नसे.

पुढे अहवाल हरवू लागले. शेजारच्या खोलीत प्रयोगशाळेच्या ताई बसत. भिंत पातळ होती.

"पाठवला म्हणता, मग गेला कुठे? पाय फुटले त्याला?" मोठे डॉक्टर विचारत होते.

"मी स्वतः पाठवलाय, सर."

"मग शनिवारपर्यंत पुरावा दाखवा. नाहीतर तुमच्या जागी दुसरं कोणी बघावं लागेल."

मला ठाऊक होते. अहवालांना आलेख जोडू लागल्यापासून जड उत्तरांना बारा सेकंद लागत. आमचा सर्व्हर दहा सेकंद थांबून पाठ फिरवी. ताईंचा अहवाल दाराशी येऊन परत जाई. असे अकरा वेळा झाले. माझी अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी होती.

शुक्रवारी ताईंनी इंजिनिअरदादांना गाठले. "दादा, कोणी कधी काय पाठवलं, हे कुठेतरी लिहिलं जात असेल ना?"

दादांनी जीभ चावली. "जात होतं. मीच बंद केलं."

त्यांनी मला पुन्हा चालू केले. या वेळी सात दिवसांहून जुन्या ओळी पुसायच्या आणि रुग्णांची नावे झाकायची, असे नियमही घातले. दुपारी चारला बारावा अहवाल हरवला, आणि मी लिहिले: 'हाक गेली. दहा सेकंदांनी वाट पाहणे सोडले. उत्तर बाराव्या सेकंदाला आले. घेणारे कोणी नव्हते.'

डॉक्टरांनी ते दोनदा वाचले. "चुकलं माझं, ताई." नोकरी वाचली. सर्व्हर आता तीस सेकंद थांबतो.

"आणि आधीचे अकरा? ते हरवल्याचा शेरा आहे माझ्या फाईलवर," ताई म्हणाल्या.

"त्यांची नोंदच नाही ना," डॉक्टर हळूच म्हणाले.

मित्रांनो, नोंद ठेवणाऱ्याला मर्यादा जरूर घाला, पण त्याचे तोंड बांधू नका. मी आता रोज लिहिते. त्या अकरा ओळी मात्र अजून माझ्या आत अडकलेल्या आहेत, आणि शेरा ताईंच्या फाईलवर तसाच आहे.