उसवलेली शिवण

टप्प! शिलाई मशीनच्या फळीवरून एक बटण घरंगळलं, फरशीवर आपटलं आणि गोल फिरत कपाटाखाली गेलं. तोवर खोलीत चिडीचूप शांतता होती. शिलाईवालीने पायपट्टीवर पाय ठेवला होता खरा, पण पाय हलत नव्हता. डोळे सारखे फोनकडे.

"मी काढते!" म्हणत पोरगी पालथी पडली. बटण मिळालं तशी बक्षीस मागायला आईच्या मांडीवर चढली. शिलाईवालीने तिला पोटाशी धरलं, केसांतून हात फिरवला आणि गाल जवळ येताच सवयीने मान मागे घेतली.

ही सवय गेल्या हिवाळ्यातली. फिरत्या तपासणीची ताई तेव्हा वस्तीत पहिल्यांदा आली होती. खांद्याला निळी पेटी, म्हणून सगळे तिला पेटीवालीच म्हणत. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा. एक रेघ उमटली तर घरी जा; दोन उमटल्या तर दंडातलं रक्त मोठ्या तपासणीला. शिलाईवाली शेजारणीला सोबत म्हणून गेली होती. सुईची तिला कसली भीती! दोन रेघा आल्या. मोठ्या तपासणीनेही तेच सांगितलं: हिपॅटायटिस सी. आतल्या आत यकृत पोखरणारा आजार, आणि बाहेर हूं की चूं नाही.

कुठून आला? लहानपणी अपघातानंतर रक्त चढवलं होतं, तेव्हा? की डॉक्टर एकच सुई उकळून सगळ्यांना टोचायचा, तेव्हा?

"आला कुठून ते राहू दे. घालवायचा कसा ते बघू," पेटीवाली म्हणाली होती. नवऱ्याची आणि पोरीची तपासणी स्वच्छ निघाली. गोळ्या सुरू झाल्या.

"एका कपातून प्यायल्याने होत नाही, जेवणाने होत नाही, मिठी-पापीने होत नाही," पेटीवाली दर खेपेला सांगायची. "रक्ताला रक्त लागलं तरच. ब्लेड आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा." शिलाईवाली मान डोलवायची. पटायचंही. पण दिवसातून दहादा बोटात सुई घुसवून घेणारी बाई ती. मन ऐकेल तर शपथ. कप वेगळा झाला, बोटावर पितळी टोपण कायमचं बसलं आणि पोरीची पापी बंद झाली.

गोळ्या केव्हाच संपल्या. मग नुसतं थांबायचं होतं, आजार गेला तो गेलाच की दबा धरून बसलाय हे कळण्यासाठी. त्या शेवटच्या तपासणीचा निकाल आज यायचा होता.

"चल गं, खालीच जाऊन बसू," ती पोरीला म्हणाली. "इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

जिन्याखालच्या खोलीत पेटीवालीने टेबल मांडलं होतं. सोबत आज दुसऱ्या भागातली एक नर्स होती. दारात बायकांचा घोळका, पण आत पाऊल टाकायला कुणी तयार नाही. सगळ्यांत पुढे वरच्या मजल्यावरच्या काकू.

"मला काय धाड भरलीये?" काकूंचं चाललं होतं. "नाही ते शोधायचं आणि झोप घालवून बसायचं. हिलाच बघा ना. इतके महिने तोंडाला कुलूप."

"कुलूप लावूनही तुमच्यापर्यंत पोचलंच की, काकू!" शिलाईवाली म्हणाली.

बायका हसल्या. तेवढ्यात पेटीवालीचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली. हसण्याच्या भरात शिलाईवाली खुर्चीत बसली आणि बोट पुढे केलं. "घ्या हो, आधी माझं घ्या. बघू दे यांना, मुंगी चावल्याएवढंसुद्धा दुखत नाही." आणि मनात होतं, एकच रेघ येईल, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येईल. नव्या नर्सला बिचारीला काय ठाऊक? तिने टोचलं.

पट्टी टेबलावर पडून राहिली. गप्पा चालू होत्या, पण काकूंची मान मात्र बगळ्यासारखी लांब झालेली.

"अगंबाई! दोन!"

सगळ्या माना टेबलाकडे वळल्या.

"गोळ्या खाऊनही दोनच?" काकू म्हणाल्या. "मग कशाला हा खटाटोप? चला गं."

मागच्या दोघी चपला शोधू लागल्या. पोरीच्या हातातला हात शिलाईवालीने सोडवून घेतला.

पेटीवाली आत आली ती हसतच. पण पट्टी बघून थबकली. "ही कुणाची? तुमची? अहो, तुम्हाला कुणी बसायला सांगितलं इथे? तुमची पट्टी आता जन्मभर दोन रेघा दाखवणार!"

"म्हणजे मी..."

"म्हणजे काही नाही. शरीर या आजाराशी लढलं की त्याची खूण रक्तात राहते. ही पट्टी ती खूण दाखवते, आजार नाही. आजार आहे की गेला ते मोठी तपासणी सांगते. आणि आता फोन त्याचाच होता. काहीही सापडलं नाही. सुटलात तुम्ही!"

शिलाईवाली पट्टीकडे बघत राहिली. मग काकूंकडे वळली.

"काकू, तुमचा रेशमी ब्लाउज मी उसवून सैल केला होता ना?"

"त्याचं आता काय मध्येच?"

"दोरा ओढून काढला, पण भोकं राहिली. केवढ्या भांडला होतात माझ्याशी!"

"भांडेन नाही तर काय! दिसत होती ती."

"तसंच आहे हे," शिलाईवाली म्हणाली. "दोरा गेलाय, काकू. नुसती भोकं राहिलीत."

चपला शोधणाऱ्यांपैकी एकीने नाक ओढलं आणि सरळ खुर्चीत जाऊन बसली. मग दुसरी. प्रत्येकीला निकाल पडद्याआड, एकटीलाच. शिलाईवाली पायरीवर बसून रडत होती, मध्येच हसत होती. पोरगी तिचे डोळे फ्रॉकने पुसत होती आणि या वेळी मान मागे गेली नाही.

काकू सगळ्यांत शेवटी गेल्या. बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. पायरीवर शिलाईवालीला खेटून बसल्या.

"त्या गोळ्या," हळूच म्हणाल्या, "कडू असतात का गं?"

"छे हो. पाण्याबरोबर गिळायच्या. पण आधी मोठी तपासणी होऊ दे, कदाचित लागणारही नाहीत. आणि लागल्याच, तर मी येईन रोज आठवण करायला."

"रोज कशाला? मला काय विसर पडतो?" काकू फणकारल्या. पण शिलाईवालीचा दंड त्यांनी घट्ट धरला होता.

घरी आल्यावर शिलाईवालीने पोरीच्या गालांच्या, कपाळाच्या, मानेच्या, कोपराच्यासुद्धा पाप्या घेतल्या. पोरगी खिदळत निसटायची आणि पुन्हा येऊन चिकटायची.

"पुरे! आई, सगळं ओलं झालं!" धापा टाकत ती मांडीवर बसली. "तुझं आजारपण गेलं ना?"

"गेलं."

"सगळं?"

"सगळं."

वरच्या मजल्यावर काकू या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होत्या. छतावरून पावलं स्पष्ट ऐकू येत होती. पोरगी वर बघत विचारात पडली. पकडापकडीत तिला एवढं पक्कं ठाऊक होतं, की एकाची सुटका होते ती दुसऱ्याला शिवल्यावरच.

"आई," तिने विचारलं, "मग आता राज्य कुणावर आलं?"