भाऊसोंना मी दार उघडलं नाही

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याचा, सर्व्हर बोलतोय. सर्व्हर म्हणजे ऑफिसातले बाकीचे संगणक ज्याच्याकडून आपली ड्रॉइंग मागून घेतात, तो मधला संगणक. दिसायला मी काही विशेष नव्हतो. पांढरट रंगाचा उभा डबा, पुढे एक हिरवा दिवा आणि अंगावर कायम भट्टीची काळी, बारीक धूळ.

१९९९ साली मी टेम्पोतून फौंड्रीत आलो. मालक महालिंगअण्णांनी माझ्यावर भस्माची तीन बोटं ओढली, नारळ फोडला आणि विचारलं, "ह्यो नक्की करतोय काय?"

उत्तर दिलं शिवलीलानं. ती गडहिंग्लजची, अण्णांच्या नात्यातली. अण्णांनीच तिला नोकरी दिली होती आणि राहायला घरातली एक खोलीही.

"अण्णा, आता ड्रॉइंग कपाटात न्हाय, ह्याच्यात ऱ्हाणार. कोण आत आलं, काय घेतलं, त्येबी ह्यो लिहून ठेवणार."

"म्हंजे गेटवरचा वॉचमनच की!"

"व्हय. पर ह्यो झोपत न्हाय."

शिवलीलानं मला दोन याद्या दिल्या. एकीत ज्यांना आत घ्यायचं त्यांची नावं, दुसरीत ज्यांना अडवायचं त्यांची. दुसरी यादी तेव्हा रिकामी होती. आणि प्रत्येक येण्याची मी एक ओळ लिहायची: तारीख, वेळ, कुणाच्या नावानं, कुठलं ड्रॉइंग, आणि शेवटी, कितव्या नंबरच्या संगणकावरून.

माझ्याकडं सगळ्यात जास्त वेळा कोण येत असेल, तर भाऊसो. ते कोडोलीचे. बावीस वर्षं फळीवर कागद ताणून ड्रॉइंग काढलेला माणूस, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी संगणक शिकला. एका बोटानं टाइप करायचे. पहिल्या दिवशी पासवर्ड ठरवताना भर ऑफिसात मोठ्यानं विचारलं, "ताई, आमच्या अक्षताचं नाव चालंल की?" सगळे हसले. शिवलीला म्हणाली, "अवो, पासवर्ड असा सांगायचा नसतो."

"आपल्याच माणसांत काय झाकायचं?" भाऊसो म्हणाले आणि तोच पासवर्ड ठेवला.

दर चौदा एप्रिलला ते सगळ्यांसाठी पेढे आणायचे. काहीजण पेढा घ्यायचे, "व्वा भाऊसो" म्हणायचे आणि न खाता माझ्या डोक्यावर ठेवून निघून जायचे. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागायच्या. भाऊसो काही न बोलता आपल्या रुमालानं मला पुसायचे.

२००४ च्या जूनमध्ये लेकीच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशासाठी त्यांनी दोन दिवस रजा घेतली. त्यातल्या पहिल्या दिवशी दुपारी माझ्याकडं भाऊसोंचं नाव आलं. पासवर्ड बरोबर होता. नाव यादीत होतं. मी दार उघडलं. पंपाच्या नव्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं ड्रॉइंग, ज्यावर भाऊसोंनी चार महिने घालवले होते, ते अख्खं माझ्यातून उतरवून नेलं गेलं. मी ओळ लिहिली. शेवटी संगणकाचा नंबरही लिहिला. दोन.

ऑगस्टमध्ये जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. हेच कास्टिंग दुसरी एक फौंड्री द्यायला तयार होती. अण्णांचा आवाज भट्टीच्या शेडपर्यंत ऐकू गेला. "आपल्यातलंच कोण तरी फुटलंय! शिवलीला, बघ त्या डब्यात!"

तिनं माझ्या नोंदी उघडल्या. ओळीवर येऊन थांबली. दोनदा वाचली. मग तेवढं पान छापलं आणि अण्णांच्या पुढं ठेवलं. माझी खोली म्हणजे अण्णांच्या केबिनला लागून काढलेलं पार्टिशन. सगळं ऐकू यायचं.

"भाऊसो?" अण्णा म्हणाले. "सत्तावीस वर्षं भाकरी खाल्ली हितं."

"अण्णा, ओळ पुरी वाचा. भाऊसो त्या दिवशी रजेवर हुतं. त्यांचा नंबर सात. ह्यो दोन हाय."

"दोन कुणाचा?"

दोन नंबर राजशेखरच्या केबिनमध्ये होता. राजशेखर म्हणजे अण्णांचा थोरला मुलगा. मित्राबरोबर वेगळी फौंड्री काढायची त्याची धडपड अण्णांना सोडून सगळ्यांना माहीत होती. बहुतेक अण्णांनाही.

अण्णांनी केबिनचं दार लावल्याचा आवाज आला.

"हे आणि कुणी बघितलंय?"

"न्हाय."

कागदाची घडी घातल्याचा आवाज झाला. "नाव भाऊसोचं हाय. त्यानंच पासवर्ड कुणाला तरी दिला असंल. म्हंजे दोष त्याचाच. त्याचं नाव बंद कर."

"अण्णा..."

"बंद कर म्हणतोय न्हवं!"

ती माझ्यासमोर येऊन बसली. बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. मग तिनं माझी दुसरी यादी उघडली आणि तिच्यात पहिलं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला भाऊसो आले. चष्मा पुसला, एका बोटानं पासवर्ड टाइप केला. मी नकार दिला. त्यांनी पुन्हा टाइप केला, या वेळी एकेक अक्षर ओठांनी म्हणत. सहा वेळा ते दारात आले आणि सहा वेळा मी त्यांना माघारी पाठवलं. प्रत्येक वेळेची ओळही लिहिली.

"ताई," त्यांनी हाक मारली, "लेकीचं नाव इसरलो काय ओ मी?"

शिवलीला तोंडाला पदर लावून बाहेर गेली. तेवढ्यात अण्णांनी भाऊसोंना आत बोलावलं.

भाऊसो नोकरीवरून गेले ते गेलेच. एमआयडीसी लहान असते, चोरीचा शिक्का सगळीकडं पोचला. त्यांना पुन्हा कुणी ड्रॉइंगच्या कामावर घेतलं नाही. महिनाभरात शिवलीलाही नोकरी सोडून गडहिंग्लजला निघून गेली. तिच्या जागी बाळासो आला. तो कामाला चांगला होता. माझी जागा भरत आली तेव्हा त्यानं एक सोय करून दिली: वर्ष झालेली नोंद आपोआप पुसली जायची. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. ती ओळही अशीच एका सकाळी गेली.

२००८ साली एक तरुण मुलगी ऑफिसात आली. "मी अक्षता. कोडोलीच्या भाऊसोंची मुलगी." बाळासोनं खुर्ची दिली.

"आबा अंथरुणावर हायत. शिवलीलाताई घरी आलत्या, रडून सगळं सांगितलं. नंबर दोनचा हुता म्हणाल्या. पर आबा म्हणतात, तोंडी नको, लिहिलेलं आण. जायच्या आधी बघायचंय त्यांना."

बाळासोनं खरंच शोधलं. तासभर शोधलं. "न्हाय ओ ताई. चार वर्षांपूर्वीचं काय ऱ्हात न्हाय ह्याच्यात."

"आबांचं नाव कुठंच न्हाय?"

बाळासोनं अडवायच्या लोकांची यादी उघडून दाखवली. तिच्यात ते एकच नाव होतं. ती किती तरी वेळ त्या नावाकडं बघत राहिली.

"पुसू काय?" बाळासोनं हळूच विचारलं.

"पुसा."

त्यानं पुसलं. ती उठली, "येते" म्हणाली आणि बसथांब्याकडं गेली. तिच्या हातात कागदासाठी आणलेली रिकामी फाइल तशीच होती.

आता माझ्या जागी नवा सर्व्हर आलाय. मी पॅटर्नच्या गोदामात मोडक्या लाकडी साच्यांजवळ पडून आहे. सोमवारी भंगारवाल्याची गाडी येईल. माझी तक्रार नाही. मी खोटं कधी लिहिलं नाही, पण माझं खरं कुणाच्या उपयोगी पडलं नाही, हे मात्र सलतं. तुमच्याकडं अशा नोंदी असतील तर पुसायच्या आधी एकदा बघा, कुणी त्यांची वाट बघत असेल.

आणि कोडोलीकडं कुणी जाणार असाल, तर भाऊसो आहेत का, चौकशी करा. असले तर त्यांना सांगा, त्या जूनमधल्या दुपारी तुम्ही आत आला नव्हता. मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही एका बोटानं टाइप करायचा. त्या दिवशी जो आला, त्याची बोटं फार भराभर चालत होती.