खालच्या दोऱ्याचा ताण

एल्मार फेट्झ दारात उभा राहिला तेव्हा हेर्लिंडे भरतयंत्रावर वाकून तुटलेली जर ओवत होती. तिनं मान वर केली नाही. त्याच्या जोड्यांचा आवाज ती लहानपणापासून ओळखत होती.

"काय गं पोरी, बरं चाललंय ना?"

"चाललंय, एल्मारकाका."

"वादक मंडळाच्या नव्या निशाणाला माझ्याकडून एक फीत द्यायची आहे. पांढरं रेशीम, सोनेरी जर. नाव चांगलं ठसठशीत काढ, मागच्या रांगेतल्याला वाचता आलं पाहिजे. मंडळवाले म्हणतात, सगळ्या फिती एकाच हातच्या हव्यात. नाहीतर तुला कशाला त्रास दिला असता!" तो हसला. "जुनं काही मनात नाही ना?"

"जुनं काय असायचंय?" हेर्लिंडे म्हणाली.

तो गेला. खिडकीशी कात्री घेऊन सुटे धागे कापत बसलेली तिची मदतनीस ओटी फिस्सकन हसली. "बये, तुझ्या तोंडावर साखर आणि डोळ्यांत सुऱ्या!"

जुनं होतं ते असं. लुस्तेनाऊ गावच्या घराघरांतून तेव्हा लेस निघायची आणि ती विकत घ्यायला थेट समुद्रापारच्या लागोसहून व्यापारीण बायका यायच्या. भरदार, हसऱ्या, कापड बोटांनी नाही तर गालाला लावून पारखणाऱ्या. हेर्लिंडेचा बाप वाल्डेमार हागेन याचा माल त्या आधी उचलायच्या. एल्मार त्याचा शेजारी, त्याच धंद्यातला, त्याच्याच ताटात मक्याच्या रव्याचं रीबल खाणारा. एका व्यापारिणीच्या कानाशी लागून तो एवढंच म्हणाला, "वाल्डेमारची लेस? छान दिसते. पहिल्या धुण्यात उसवते." एकच वाक्य. पण कानातून कानात ते असं गेलं, जसा सुईमागून दोरा जातो. पुढच्या खेपेला बापाच्या दारात कुणी उभं राहिलं नाही. भिंतीएवढं लांब यंत्र भंगारवाल्यानं अंगणात कापलं. त्या ठिणग्या बापानं पाहिल्या, आत गेला, आणि तो पुन्हा कधी मनापासून बाहेर आलाच नाही.

काम करताना तो गुणगुणायचा:

वरचा ओढी गं, खालचा धरी गं,
दोघांच्या ओढीत टाका उभा दारी गं.

हेर्लिंडेच्या मनात त्या दिवशी हीच ओळ उलटी वाजू लागली. खालच्यानं धरलंच नाही तर?

तिनं खालच्या दोऱ्याची, बॉबिनची डबी काढली, दोऱ्याला धरून अधांतरी लोंबकळती ठेवली, हलकाच झटका दिला. डबी बोटभर उतरली आणि थांबली. नीट ताणाची डबी अशीच थांबते. मग तिनं बारीक पेचकस घेऊन डबीचा स्क्रू सैल केला. पुन्हा झटका. डबी सरसरत खाली गेली, कोळी जाळ्यावरून घसरावा तशी. वरच्या दोऱ्याच्या ताणाची घुंडीही तिनं ढिली सोडली. एका तुकड्यावर एल्मारचं नाव भरलं. इस्त्रीची वाफ दिली. समोरून काय देखणं दिसत होतं! मग पाण्यात बुडवलं, चोळलं, एक टोक चिमटीत धरून ओढलं. एल्मार सरळ निघून आला. अख्खा. मागे सुईची भोकं राहिली.

"बघितलंस?" हेर्लिंडेचे डोळे चमकत होते. "मिरवणुकीत पावसाची एक सर येऊ दे. साऱ्या गावादेखत त्याचं नाव शेवयांसारखं लोंबेल!"

ओटीनं तो गुंता हातात घेतला, उलटासुलटा पाहिला. "लोंबेल खरं. आणि गाव काय म्हणेल?"

"काय म्हणेल?"

"म्हणेल, हागेनांचं काम. पहिल्या धुण्यात उसवतं."

हेर्लिंडे खुर्चीत बसली. हातातली ओली जर बोटांना चिकटत होती. इतकी वर्षं गेली, बाप मातीत गेला, आणि त्या माणसाचं खोटं ती स्वतःच्या हातानं खरं करायला निघाली होती. राग विझला नाही. फक्त त्यानं कूस बदलली.

तिनं स्क्रू पुन्हा आवळला. घुंडी केसाकेसानं फिरवत प्रत्येक वेळी तुकडा उलटा करून पाहिला, अक्षराच्या पाठीवर खालच्या दोऱ्याची पांढरी रेघ बरोबर मधल्या एक तृतीयांशात येईपर्यंत. अस्तर दुहेरी घातलं. टाके दाट केले, इतके दाट की उसवायचं तर रेशीमच फाडावं लागावं. मग तिनं भरलं. एल्मारनं सांगितलेलं नाव खाली. त्याच्या वर आणखी एक ओळ.

ओटीनं वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं, तो असं कुठं म्हणालाय? खोटं आहे हे!"

"यातलं खोटं दाखव. वरची ओळ खरी. खालची ओळ खरी. दोन्ही खरं एकाच फितीवर आलं, एवढंच."

फीत गुंडाळून, कागदात बांधून दिली गेली. देणाऱ्यानं ती आशीर्वादाआधी उघडायची नाही, उघडली तर निशाणाला अपशकुन. या गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

निशाणपूजेच्या रविवारी चौक भरला होता. पाद्रीबाबांनी फितीमागून फीत उलगडली, तीर्थ शिंपडलं, मोठ्यानं वाचली, देणाऱ्याच्या हाती दिली. देणाऱ्यानं ती काठीला बांधायची. एल्मारची पाळी आली. तो छाती काढून पुढे झाला.

पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं आणि वाचलं: "वाल्डेमार हागेनची लेस कधीच उसवली नाही. अर्पण, एल्मार फेट्झ."

एक तुतारी चुकून पोंऽ करून थांबली. जुने भरतकाम करणारे म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. ‘पहिल्या धुण्यात उसवते’ हे जुनं वाक्य त्यांतल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेलं होतं. एल्मारच्या मानेवर लाल रंग चढत गेला. तो तरातरा हेर्लिंडेजवळ आला, दातांतून म्हणाला, "हे उसव. आत्ता."

"मला नाही जमत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुम्ही बघा ओढून. तुम्हाला ठाऊक आहे ना कसं उसवतं ते."

भान हरपून त्यानं खरंच नख घातलं. पहिल्याच ‘वा’ या अक्षरावर खरवडलं, ओढलं, दातात धरायला गेला. पाणी पडलेलं रेशीम चुरगळलं. टाका हलला नाही. त्या म्हाताऱ्यांतला एक खो खो हसला आणि मग हसणं चौकभर पसरलं.

"बांधा की आता," त्याची बायको रोझल खाली बघत पुटपुटली. "लोक ताटकळलेत."

नाही बांधली तर का नाही, ते बोलावं लागलं असतं. एल्मारनं फीत काठीला गुंडाळली आणि गाठ मारली.

हेर्लिंडे जागची हलली नाही.

"दुहेरी मारा," ती म्हणाली. "वारा फार असतो इथं."