या पानासाठी संपर्क

हौसाने हात पदराला पुसले, पण कागद काही घेतला नाही. मासळीचा वास लागेल म्हणून दोन्ही हात पाठीमागे धरले आणि विनिताच्या हातातल्या रंगीत प्रिंटवर ती वाकली.

“ही मी?”

“तुम्हीच ना मावशी?”

“मीच. पन कशी अंगावर धावल्यासारखी दिसतंय.”

फोटो मोरा गावातलाच होता, याच अंगणातला. वलांडीच्या बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकायला ओळीने टांगलेले, त्यांच्या पुढ्यात हौसा, आणि तिचा उजवा हात कॅमेऱ्याकडे उगारलेला. आत्ताही डोक्यावर तेच बोंबील लटकत होते, म्हणजे त्यांचे वंशज. एका डोळ्याने काणी असलेली मांजर बांबूआडून त्यांच्याकडे टक लावून होती. हौसाने बघता बघता एक खडा उचलला आणि मांजरीला लागणार नाही अशा बेताने भिरकावला.

विनिता पनवेलच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. कॉलेजची वेबसाइट तोवर निव्वळ धर्मशाळा होती. ज्याला वाटेल त्याने यावं, पान टाकावं आणि निघून जावं. कुणी कविता टाकल्या होत्या, कुणी लुकलुकणारे दिवे, एका सरांनी तर स्वतःच्या लग्नाचा फोटोही. मग पुढच्या वर्षी कॉलेजची तपासणी होणार असं कळलं आणि अविनाश सरांनी एका दुपारी बसून पानांसाठी चौदा नियम करून टाकले. सहावा नियम असा, की फोटोत माणूस असेल तर त्याची लेखी परवानगी हवी. नववा असा, की प्रत्येक पानाच्या तळाशी मजकुराची माहिती असणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर हवा. एकतीस मार्चपर्यंत जी पानं नियमात बसणार नाहीत ती काढून टाकायची. सरांनी उंटावरून शेळ्या हाकल्या आणि गावोगाव त्या शेळ्या शोधत फिरणं विनिताच्या वाट्याला आलं.

‘मोऱ्याची सुकी मासळी’ हे पान एनएसएसच्या एका मुलीने दोन वर्षांपूर्वी केलं होतं. तळाशी तिचं नाव होतं, निशा बुधाजी कोळी, एस.वाय.बी.एस्सी. फोन नंबर नव्हता. कॉलेजच्या रजिस्टरातून पत्ता काढून विनिता दोन गाड्या बदलत इथवर आली होती. हौसा निशाची आई निघाली, हे बरंच झालं. एका घरात दोन सह्या होतील.

“इथे सही करा, मावशी. आणि निशा आहे का घरी? तळाला तिचा नंबर टाकायचाय.”

ओट्यावर एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्याने सुई जाळ्यात खोचली, उठला आणि आत गेला. दार त्याने आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

“निशा नाय इथं,” हौसा म्हणाली. तिने विनिताचा दंड धरला आणि तिला वलांडीच्या पार पलीकडे नेलं. “ह्यांच्यासमोर तिचं नाव नाय काढायचं, बाय.”

मग तिने सांगितलं. फार नव्हतंच सांगण्यासारखं. कोन गावचा एक पोरगा, कंटेनरच्या गाडीवर. निशा परीक्षेला म्हणून गेली ती परत आलीच नाही. आठ दिवसांनी तिचा फोन आला, तेव्हा बापाने, बुधाजीने, तो जमिनीवर आपटून फोडला. मग घरातले तिचे सगळे फोटो, अगदी पाचवीतल्या बक्षिसाचासुद्धा, पिशवीत भरून होडीतून नेले आणि समुद्रात टाकले.

“सुरतेला हायेत, असं कोन कोन बोलतं. तिच्याकडं त्यो जुना नंबर. यो नवा मी मासळीच्या धंद्याला घेतला.” तिने कमरेला खोचलेला मोबाइल दाखवला. “तिला कसा कलंल?”

विनिताने उगीच फॉर्मवरची धूळ झटकली.

“हा फोटो निशानेच काढला का?”

“तिनंच. कॉलेजचा कॅमेरा घेऊन आलती. मी बोल्ले, आंग धुतलं नाय, डोकं इचरलं नाय, फोटो काय काढतंस? म्हनून हात उगारला.” हौसा पुन्हा कागदावर वाकली. “बाय, कॉम्पुटरमदी यो हात खाली करता येल काय?”

“नाही, मावशी. दुसरा फोटो काढता येईल फार तर.”

“दुसरा नको. तिनं काढलाय.”

तिसरीपर्यंतची शाळा सगळी उजव्या हातात आणून हौसाने सही केली. पेन परत देताना तिने विचारलं, “हे कुठं कुठं दिसतं?”

“कुठेही. इंटरनेट असलं की झालं.”

“सुरतेला?”

“सुरतेलाही.”

“आनि खाली कोनाचा तरी फोन लागतोच?”

“लागतो. त्याशिवाय पान ठेवता येत नाही.”

हौसाने एक बोंबील चाचपला, शेजारचा चाचपला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई ती नव्हती, पण हे मागणं तिला जड जात होतं आणि विनिताला ते दिसत होतं.

“मासलीचं समदं मना म्हायीत हाय,” ती अखेर म्हणाली. “तिनं लिवलंय ते मीच सांगितलेलं. तीन दिवस लिवलंय नं, ते कोरड्या वाऱ्यात. आभाल असलं तर पाच. कोनी काय इचारलं तर मी सांगंन.”

“म्हणजे तुमचा नंबर टाकू?”

“चालंल नं?”

चालेल की नाही हे विनितालाही ठाऊक नव्हतं. तिने फॉर्मवर नंबर लिहून घेतला, हौसाकडून दोनदा म्हणवून घेतला, आणि निघताना तिच्या पिशवीत वर्तमानपत्रात बांधलेले बोंबील येऊन पडले. उरणपासून पनवेलपर्यंत गाडीतले लोक नाक दाबून बसले होते.

अविनाश सरांनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“कॉन्टॅक्ट पर्सन, हौसा बुधाजी कोळी? विनिता, ही कोण? आपल्या स्टाफवर आहे का?”

“नाही सर. मासळी सुकवतात.”

“अगं, कॉलेजच्या वेबसाइटवर मासळीवाल्या बाईंचा मोबाइल नंबर? तपासणीला येणारे लोक काय म्हणतील?”

“नियमात ‘मजकुराची माहिती असणारी व्यक्ती’ असंच आहे, सर. प्राध्यापक हवा असं नाही. मी बघितलं.”

सरांनी नियमांचा कागद मागवला. नववा नियम त्यांनी एकदा मनात वाचला, एकदा ओठ हलवत वाचला. नियम त्यांचा स्वतःचाच होता. “बॉटनीच्या पाटील मॅडमचं नाव टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?” ते म्हणाले.

“मॅडम शाकाहारी आहेत, सर.”

सर हसले आणि तिथेच विनिता जिंकली. “जाऊ दे. पण बाराव्या नियमाप्रमाणे दर सहा महिन्यांनी पान तपासून संपर्काच्या व्यक्तीची सही आणायची. ते तूच बघायचं.”

त्या संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर विनिताने पानाच्या तळाशी ओळ टाकली. ‘संकलन : निशा बुधाजी कोळी.’ त्याखाली, ‘या पानासाठी संपर्क : हौसा बुधाजी कोळी, मोरा,’ आणि नंबर. मायलेकींची नावं एकाखाली एक आली. पत्रिकेत छापल्यासारखी दिसतात, असं तिला वाटलं आणि उगाच गलबलून आलं. फोन आलाच नाही तर सहा महिन्यांनी त्या घरी कोणत्या तोंडाने जायचं, याची तिला आत्ताच धास्ती वाटू लागली होती.

परीक्षा, प्रवेश, तपासणी, एकामागून एक लागलं आणि सहाचे नऊ महिने झाले. विनिता पुन्हा मोऱ्याला गेली ती डिसेंबरात. वारा कोरडा होता. वलांड्या भरलेल्या होत्या. बुधाजी ओट्यावर जाळंच विणत होता. त्याने तिला ओळखलं, पण दाखवलं नाही. काणी मांजर पायरीखाली तीन पिल्लांना घेऊन पडली होती.

“फोन येतात का, मावशी?”

“लय येतात!” हौसाने तिला बसायला पाट दिला. “राजकोटवाल्या शेटनं दोन टन बोंबील मागितलं. मी बोल्ले, बाबा, माजी वलांडी बग आनि मंग बोल. पुन्याच्या पोरीला प्रोजेक् करायचा व्हता, तिला तासभर सांगितलं. एक म्हातारा अमेरिकेतना बोलत व्हता. त्याला काय नको व्हतं. नुसतं बोल्ला, जवला कसा भाजता ते सांगा, मी ऐकतो.”

ती भराभर सांगत होती आणि विनिता तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. इतक्या लोकांचे फोन आले आणि त्यातला एकही तो नव्हता, हे न सांगताच कळत होतं. मोबाइल आता हौसाच्या कमरेला नसायचा. दोरीने गळ्यात बांधलेला असायचा.

“सही कुठं करू?”

विनिताने फॉर्म काढला. पेनचं टोपण उघडत होती तेवढ्यात फोन वाजला. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून हौसा नेहमी स्पीकर लावूनच बोलायची.

“हॅलो. मोऱ्यातना हौसा बोलतंय.”

पलीकडून गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मग एका बाईचा आवाज आला, शुद्ध, जपून, मुलाखतीला बसल्यासारखा.

“नमस्कार. मी कॉलेजचं पान बघितलं. सुक्या मासळीची माहिती हवी होती.”

“इचारा.”

“बोंबील सुकायला किती दिवस लागतात?”

हौसा बसल्या जागी ताठ झाली. “पानावर लिवलंय नं? तीन.”

“आणि आभाळ आलं तर?”

“तर पाच. रातचं उतरवून घरात घ्यायचं.”

“जोडीने का टांगतात ते?”

“जबडा जबड्यात अडकवला का वाऱ्यानं पडत नाय.”

प्रश्न सरळ होते, उत्तरंही सरळ होती. अशी दहा संभाषणं हौसाने या वर्षात केली असतील. पण तिचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. ती उठून वलांडीपाशी जाऊन उभी राहिली. तिच्यामागे विनिताही अर्धवट उठली.

पलीकडे पुन्हा नुसते हॉर्न. फोन कट झाला की काय म्हणून हौसाने तो कानाशी धरला, मग परत समोर धरला.

“अजून एक विचारू?” तो आवाज म्हणाला. “ती काणी मांजर अजून येते का?”

विनिताला ते पान तोंडपाठ होतं. त्यात मांजर कुठेच नव्हती.

हौसाचा उजवा हात वर गेला, अगदी त्या फोटोतल्यासारखा. क्षणभर तो तसाच राहिला. मग तिने तो खाली आणला आणि वलांडीचा बांबू घट्ट धरला.

“येते,” ती म्हणाली. “तिला पिल्लं जाल्यात. तीन.”

“हो का?” त्या आवाजातलं शुद्धपण आता कुठल्या कुठे गेलं होतं. “तीन?”

“तीन. एक पांढरं हाय. तुमाला आजून काय म्हायती पायजे, बाय? मी सांगतंय. समदं सांगतंय. पानात नाय ते बी सांगतंय.”

हौसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. विनिताने घाबरून ओट्याकडे पाहिलं. बुधाजीची सुई थांबली होती. जाळं मांडीवरून घसरून खाली आलं होतं. तो कधीपासून ऐकत होता कोण जाणे.

तो उठला. आता आत जाईल आणि दार लावून घेईल, असं विनिताला वाटलं. पण तो पायऱ्या उतरला, मांजरीला वळसा घालून वलांडीखाली आला आणि हौसाच्या पाठीशी उभा राहिला. फोनकडे त्याने पाहिलं नाही. डोक्यावरच्या बोंबलांकडे बघत तो हलक्या आवाजात हौसाला म्हणाला,

“समदं आजच नको सांगू. उद्या काय इचारंल ती?”