तीनशे बारा घरांतला एक अर्ज

दिगंबरकाकांनी हातमोजे काढले, कोटाच्या खिशात कोंबले आणि भरलेलं कार्ड सावनीच्या टेबलावर ठेवलं.

"सावनी, माझं नाव शेवटी घे," ते म्हणाले. "आधी जरा बसून ऐकतो."

सावनी कार्ड उचलायचंच विसरली. या इमारतीत काका तिच्याशी मराठीत बोलले, असं पाच वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

इमारत म्हणजे हार्लन ग्रोव्हचा सिटी हॉल. नोव्हाय शहरापासून अर्ध्या तासावरचं हे गाव इतकं लहान, की दिवसा घरपट्टीच्या खिडकीवर बसणारी सावनीच महिन्यातल्या दोन सोमवारी संध्याकाळी कौन्सिलच्या मीटिंगला मदतनीस असे. बोलायचं असेल त्यांची कार्डं घ्यायची, नावं पुकारायची, प्रत्येकाला तीन मिनिटांचं घड्याळ लावायचं. हे काम तिला आवडायचं. गावातली निम्मी भांडणं तिला तोंडपाठ होती आणि त्यांतलं एकही तिला सोडवायचं नव्हतं.

काका दर फेब्रुवारीत खिडकीवर येत. वेळ ठरलेली, पावणेपाच, रांग संपलेली असताना. पहिल्या वर्षी त्यांना बघून सावनी हसून "काका, तुम्ही" म्हणायला गेली, तर त्यांनी इंग्रजीत "गुड आफ्टरनून, मॅडम" म्हणून तिला तिथेच थांबवलं. कागद पुढे आला तेव्हा तिला कारण कळलं. तो कमी उत्पन्नाच्या लोकांना घरपट्टीत निम्मी सवलत मिळण्याचा अर्ज होता. तेव्हापासून तीही "गुड आफ्टरनून, सर" म्हणायला लागली. दोघं परक्यासारखे बोलत, ती कागद तपासे, शिक्का मारी, आणि ते निघून जात.

अर्जाला बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट जोडावं लागे. सुमित्राकाकूंच्या आजारपणात काय काय गेलं ते त्यात ओळीओळीने दिसायचं. आणि त्याच स्टेटमेंटमध्ये दर सप्टेंबरात महाराष्ट्र मंडळाच्या नावाने एकशे एक डॉलर असायचे. ती ओळ पाहिली की सावनीला पुढची ओळ वाचायला थोडा वेळ लागायचा. नंतर गणपतीत भेट झाली की काका मंडळाचे ज्येष्ठ म्हणून आरतीचं तबक धरून पुढे उभे, आणि ही मागे. तिने कधी भुवईसुद्धा हलवली नाही. नवऱ्यालाही बोलली नाही. गोष्ट पोटात ठेवावी ती सावनीनेच, याचा तिला मनातून अभिमान होता. खरं सांगायचं तर थोडी घमेंडच होती.

आज विषय त्याच सवलतीचा होता. उत्पन्नाची मर्यादा खाली आणायची, निम्म्याची सवलत पाव करायची आणि वाचलेल्या पैशांतून अग्निशमन दलाला नवी गाडी घ्यायची. ठराव मांडला होता यशोधनने. मूळचा नागपूरचा, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, गेल्या नोव्हेंबरात कौन्सिलवर निवडून आलेला पहिला मराठी माणूस. त्याच्या प्रचारासाठी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी दिगंबरकाका त्याच्याबरोबर दारोदार फिरले होते. माणूस वाईट नव्हता. जुन्या गाडीचा पंप एका आगीच्या वेळी बंद पडला होता आणि ते त्याच्या मनातून जात नव्हतं. त्याने मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, की सोमवारी प्लीज या, आपला सपोर्ट दिसू दे. त्यामुळे मागच्या दोन रांगांत मंडळाची अकरा माणसं बसली होती, आणि दिगंबरकाका त्यांच्यातच जाऊन बसले.

ठराव पास झाला तर काकांची सवलतच जाणार होती. घर विकून जर्सी सिटीला मुलाच्या, शंतनूच्या, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणं, एवढाच रस्ता त्यांना उरत होता. हे त्या सभागृहात दोनच माणसांना माहीत होतं. मतं कशी पडणार याचा अंदाजही सावनीला होता: चार विरुद्ध तीन, ठरावाच्या बाजूने.

यशोधनने भिंतीवर स्लाइड लावली. वेस्ट साइड, जिथे बहुतेक सगळी भारतीय घरं आहेत. घरं, तीनशे बारा. सवलतीसाठी आलेले अर्ज, एक.

"आमच्याकडेही म्हातारी माणसं आहेत, एकटी माणसं आहेत," तो मोकळेपणाने म्हणाला. "तरी अर्ज एकच. याचा अर्थ एवढाच, की एकमेकांना सांभाळणारी वस्ती असली की सिटीच्या मदतीची गरज पडत नाही."

मागच्या रांगांत दोन-तीन माना कौतुकाने हलल्या. सावनीने मान खाली घातली आणि कार्डं सरळ केली, जी आधीच सरळ होती.

मग लोक बोलायला लागले. इथला नियम असा, की माइकवर आधी पूर्ण नाव सांगायचं, मग घराचा पत्ता, मग काय ते बोलायचं. लिंडा आली. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, पेन्शन किती मिळते ते सांगितलं, हिवाळ्यात हीटर किती डिग्रीवर ठेवते आणि आतल्या खोलीचं दार का बंद असतं तेही सांगितलं. आवाजात रड नव्हती, रागही नव्हता. जागेवर परत जाताना तिने वाटेत एका लहान मुलीचा पडलेला मोजा उचलून दिला. तिच्यामागून आणखी चौघं आली, तशीच बोलून गेली.

सावनीने हे पूर्वीही पाहिलं होतं, पण आज तिला त्या माणसांकडे बघवेना आणि नजरही काढवेना. आपल्याकडे कोणी पगार विचारला तर माणूस "चाललंय" म्हणतो, आणि आजारपण आलं तर "जरा बरं नव्हतं" म्हणतो. ही माणसं आपलं घर आतून उघडून दाखवत होती आणि तरी जाताना पाठ ताठ होती.

शेवटचं कार्ड उरलं. कार्डावर दोन चौकोन असत, ठरावाच्या बाजूने आणि विरुद्ध. काकांनी एकावरही खूण केली नव्हती. सावनीने नाव पुकारलं. यशोधन ओळखीचं हसला आणि खुर्चीत मागे टेकून बसला.

काका माइकपाशी आले. सदतीस वर्षं कारखान्यात डाय आणि टूलची ड्रॉइंग्ज तपासलेला माणूस, बोलतानाही प्रत्येक शब्दाचं माप घेतल्यासारखा बोले. त्यांनी नाव सांगितलं. पत्ता सांगितला, चारशे अठरा, बर्चवुड लेन. मग ते भिंतीकडे वळले.

"त्या स्लाइडवर जो एक आहे," ते इंग्रजीत म्हणाले, "तो मी आहे."

हॉलमध्ये कोणीतरी खोकत होतं, ते थांबलं.

काकांनी पुढचं थोडक्यात सांगितलं. नोकरी कधी गेली, पत्नीचा आजार किती वर्षं चालला, आता महिन्याला किती येतात. अग्निशमनची गाडी हवीच, असंही म्हणाले, कारण सुमित्राला दवाखान्यात नेणारे त्याच दलाचे लोक होते, तिन्ही वेळा. मग थोडं थांबून म्हणाले, "आम्ही एकमेकांना सांभाळतो हे खरं आहे. पण मला कोणी सांभाळावं असं मी कोणाला कळूच दिलं नाही. त्यात त्यांची चूक नाही. तेव्हा तो एकचा आकडा आहे ना, तो गरजेचा धरू नका."

घड्याळात अजून दीड मिनिट बाकी होतं. काकांनी माइकला हलकीशी मान झुकवली आणि जागेवर गेले.

सावनीचे डोळे भरून आले. या माणसाचं स्टेटमेंट तिने ओळीओळीने वाचलं होतं, आणि तिला वाटत होतं आपण त्याला ओळखतो. पाच वर्षं तिने जपलेली गोष्ट त्याने दीड मिनिटात सगळ्या गावासमोर ठेवली, मीटिंग दाखवणाऱ्या कॅमेऱ्यासमोर, ज्याच्यासाठी दारोदार फिरला त्याच्या तोंडावर, आणि कोणालाही न दुखावता. एवढं मोठं माणूस आपल्या खिडकीवर येऊन गुपचूप उभं राहत होतं, या विचाराने तिचा हात टेबलावर तसाच राहिला.

टाळ्या वाजल्या नाहीत. यशोधन रिमोट हातात धरून बसला होता आणि भिंतीवरची स्लाइड बदलायचं त्याला सुचत नव्हतं.

मेयरने आणखी कोणाला बोलायचंय का, असं रीतीप्रमाणे विचारलं. मागच्या रांगेतून शरयूमावशी उठल्या. मंडळातल्या निम्म्या पोरांना त्यांनी आपल्या घरी सांभाळलेलं, वरणभात भरवून मोठं केलेलं. नवरा इन्शुरन्सचं चांगलं ठेवून गेला, असं सगळेच धरून चालले होते. त्या कोट सावरत सावनीच्या टेबलापाशी आल्या.

"एक कार्ड दे गं."

सावनीने कार्ड दिलं. मावशी उभ्यानेच लिहायला लागल्या. त्यांनी विरुद्धच्या चौकोनात खूण केली ते तिला दिसलं आणि ती दचकली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तुम्हीही सवलतीत बसता? मग कधी आला का नाहीत? मीच तर असते खिडकीवर."

मावशींनी लिहिता लिहिता वर पाहिलं. नजरेत राग नव्हता, उलट सांगायला अवघड जात होतं.

"तू असतेस म्हणूनच नाही आले गं," त्या म्हणाल्या. "दोनदा पार्किंगपर्यंत आले होते. काचेतून तू दिसलीस."

सावनीने कार्ड घेतलं, नाव पुकारलं, घड्याळ लावलं. मावशी बोलल्या ते तिने ऐकलं आणि ऐकलंही नाही. नंतर श्रीराम उठला, ज्याची नोकरी उन्हाळ्यात गेली होती आणि जो अजून रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडत होता. त्यालाही काच आठवत असणार. तीनशे बारा घरांतला तो एक आकडा कुठून आला, हे आता तिला नीट कळत होतं. ती तोंड बंद ठेवल्याचा अभिमान मनात मिरवत राहिली, आणि काचेपलीकडे तिचं तोंड दिसणं एवढंच लोकांना परत फिरायला पुरेसं होतं.

यशोधनने बोलायची परवानगी मागितली. उभा राहिला आणि हातातला रिमोट टेबलावर ठेवला.

"माझा आकडा बरोबर होता," तो म्हणाला. "मी त्यावरून काढलं ते चुकलं. ठराव मी मांडला होता, मीच मागे घेतो."

गाडीचं काय, असं कोणीतरी विचारलं. त्याने दुसरीकडून पैसे शोधू म्हणून सांगितलं, आणि ते कुठून हे त्याला माहीत नाही हे सगळ्यांना दिसलं. मीटिंग संपल्यावर तो मागे गेला, काकांचा कोट उचलून त्यांच्या पाठीमागे धरून उभा राहिला. काकांनी एक हात बाहीत घातला, मग दुसरा. दोघं काय बोलले ते सावनीला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावनी साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि आठवड्यातले दोन दिवस आपल्याला आतलं काम द्या, म्हणून मागून घेतलं. कारण विचारलं तेव्हा तिने खरं तेच सांगितलं. मंगळवार आणि गुरुवार डोना नावाची सहकारी खिडकीवर बसणार असं ठरलं. रात्रीचं जेवण झाल्यावर सावनीने मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तो तिने तीनदा लिहून खोडला होता. शेवटी एवढंच उरलं: घरपट्टीच्या सवलतीचे अर्ज पुढच्या सोमवारपासून घेतले जातील. मंगळवारी आणि गुरुवारी मी खिडकीवर नसते.

मेसेज सगळ्यांनी वाचला. उत्तर कोणीच दिलं नाही, आणि ते तिला बरोबरच वाटलं.

पुढच्या मंगळवारी ती आतल्या खोलीत फायली लावत बसली. दुपारी डोनाला विचारलं. कोणी आलं नव्हतं. चारला पुन्हा विचारलं, तरी नाही. उशीर झाला, आता कोण कशाला येतंय, असं म्हणत ती घरी गेली आणि नवऱ्यावर विनाकारण चिडली.

बुधवारी आठ वाजता तिने खिडकीची झडप वर केली. समोर शरयूमावशी उभ्या होत्या, छातीशी प्लॅस्टिकची फाइल धरून. त्यांच्यामागे श्रीराम, आणि त्याच्यामागे प्रीता, जिच्याबद्दल सावनीच्या मनात कधी शंकाही आली नव्हती.

"मावशी, काल यायचं ना," सावनी घाईने म्हणाली. "मी मुद्दाम—"

"काल आले होते," मावशी म्हणाल्या. "डोकावून पाहिलं, तू नव्हतीस. म्हणून परत गेले."

सावनीने टेबलावरचे कागद बाजूला सारून जागा केली.

"आता सांगायचंच आहे," मावशी फाइलचं बटण उघडत म्हणाल्या, "तर आपल्या माणसाला सांगावं म्हटलं." त्यांनी कागद बाहेर काढले आणि एकेक करून खिडकीत ठेवले, बँकेचं स्टेटमेंट सगळ्यात वर.